सावलीतली सर्पगंधा

आमच्या वर्ध्यातल्या घरामागे कडुनिंबाची दोन झाडं आहेत. मामंजींनी घर बांधलं त्या वर्षी लावलेली. ती झाडं आणि मागचं कुंपण यांच्या मध्ये साधारण पंधरा बाय वीस फुटांचा एक तुकडा आहे, जिथे भर दुपारीही थेट ऊन पडत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा 'तिथं काही येत नाही' अशी त्या जागेची ख्याती होती. मी गुलाब लावून पाहिला, तो वाळला. मोगरा लावला, त्याला पानं आली, कळी आली नाही. मग तिथे फुटक्या बादल्या, सायकलची जुनी चाकं आणि गणपतीचं मखर ठेवलं जायला लागलं.

आता चैत्रात त्याच तुकड्यात गुडघ्याएवढी झुडपं फुलली आहेत. एकेका पेरावर तीन-तीन तुकतुकीत पानं. टोकाला लालभडक देठांचा झुबका आणि त्यावर बारीक पांढरी, जराशी गुलाबी झाक असलेली नळीसारखी फुलं. बाहेर पारा ४४ अंशांवर गेलेला असतो आणि हे झुडूप निंबाच्या सावलीत शांतपणे फुलत राहतं. घरी येणारे विचारतात, "हे कुठून आणलं? नर्सरीतून?" मी 'हो' म्हणून वेळ मारून नेते.

ही सर्पगंधा. ती नर्सरीतून आलेली नाही. पंधराएक वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एका कोपऱ्यात पोत्यावर मुळ्या-कंद मांडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. काळी मुसळी, सफेद मुसळी, शतावरी ओळखू आली. शेवटी एक वाकड्यातिकड्या, पिवळट-करड्या मुळांची जुडी होती. मी विचारलं, तर ते म्हणाले, "सर्पगंधा हाय बाई. कोनाले पाह्यजे? डोक्याच्या मानसाले का बीपीच्या?"

मला हसू आलं. घरी मामंजींचा रक्तदाब होताच, पण त्याची गोळी चालू होती. कुठलीतरी मुळी उगाळून देण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या मुळांपैकी काहींना वर खोडाचे ताजे बुडखे होते आणि त्यांवर हिरवे डोळे दिसत होते. कुठून आणली, असं मी विचारलं. "लय दुरून. गोंदियाकडून माल येते. आता पह्यल्यासारखी भेटत नाही. एका झाडापायी अर्धा दिवस जाते मानसाचा." मी अकरा मुळं घेतली. सात जगली. माझी सावलीतली बाग अशी सुरू झाली: कुणीतरी जंगलातून उपटून आणलेल्या मालावर.

तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट 'मरणारं रोप वाचवलं' असा थोडा अभिमानच होता. पुढे या झुडपाचा इतिहास वाचत गेले, तेव्हा तो अभिमान जरा अडचणीचा वाटायला लागला.

*

सावलीतल्या बागेवरची पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेतून येतात. त्यांत पहिल्याच प्रकरणात वसंतातल्या रानफुलांचं वर्णन असतं. तिथल्या जंगलात हिवाळ्यात झाडं निष्पर्ण असतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, जमीन ओली होते, ऊन थेट तळापर्यंत पोहोचतं. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधीचे ते पाच-सहा आठवडे तळाच्या छोट्या वनस्पतींचे. कंदांतून पान, पानामागोमाग फूल, मग बी. आणि उन्हाळा लागेस्तोवर सगळं पुन्हा जमिनीखाली.

हे वाचून वर्ध्याच्या माणसाला वाटतं, आपल्याकडे असलं काही नाही. आपला वसंत म्हणजे पळस, सावर, पांगारा. सगळी फुलं वर, तळाला नुसता खडखडणारा पाचोळा. पण बोरच्या जंगलात किंवा आष्टी-कारंज्याकडच्या टेकड्यांत मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर गेलात, तर तोच खेळ दिसतो. फक्त घड्याळ पुढे सरकलेलं असतं. आपलं हे कोरडं पानगळीचं जंगल. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांचं. फाल्गुनापासून सागाची पानं गळतात, तळापर्यंत लख्ख उजेड येतो. पण पाणी नसतं. म्हणून तळाच्या वनस्पती थांबून राहतात. पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत काळ्या मुसळीची पिवळी, सहा पाकळ्यांची फुलं जमिनीला चिकटून उमलतात. रानहळदीची गुलाबी कणसं वर येतात. सफेद मुसळीचे पांढरे तुरे दिसू लागतात. सागाची सुपाएवढी पानं पुरती पसरून तळाला अंधार होण्याआधी त्यांना आपलं बरंचसं काम उरकायचं असतं. दिवाळीपर्यंत त्यांची पानं पिवळी पडतात आणि आठ महिन्यांची झोप सुरू होते.

युरोपातल्या रानफुलाला जागं करते ती ऊब आणि आपल्याकडच्याला पाऊस. पण दोघांचीही सगळी मिळकत जमिनीखाली, कंदात किंवा मुळात साठवलेली असते. वरचं पान खुडलं तर ते पुन्हा येतं. खालचं मूळ नेलं तर काहीच उरत नाही. या बाबतीत सर्पगंधा त्यांचीच भावकी. ती कंदवर्गातली नाही, दाट आणि जरा ओलसर जंगलाच्या सावलीत वाढणारं ते झुडूप आहे. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलांत, सह्याद्रीत, कोकणात ते आढळतं. चैत्र-वैशाखात फुलायला लागतं आणि पावसाळाभर फुलत-फळत राहतं. जुन्या मराठी पुस्तकांत अडकई, हरकी, मुंगूसवेल अशीही नावं सापडतात. आणि माणसाला तिच्यातलं हवं असतं ते नेमकं मूळच.

*

या मुळाची लेखी गोष्ट आपल्या शेजारी, गोव्यात सुरू होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये भारतात आला आणि उरलेलं आयुष्य इथेच राहिला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती केलेलं. गोव्यात त्याने वैद्यकी केली, व्यापार केला, अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारात त्याचं येणंजाणं होतं. पोर्तुगीजांनी मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने दिलं होतं आणि तिथेही त्याची बाग होती. १५६३मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. दोन वैद्यांच्या संवादांतून तो इथल्या औषधी, फळं, मसाले यांची माहिती देतो. त्यात मध्येमध्ये अंतोनिया नावाची दासी येते आणि मागितलेली वनस्पती किंवा फळ आणून समोर ठेवते. त्या ग्रंथातला मोठा मान ओर्ताला मिळाला. पण रोप ओळखून आणून देणारी ती होती, हे मी प्रत्येक वेळी वाचताना मनात नोंदवते.

या ग्रंथात 'सापाचं लाकूड' अशा नावाखाली काही मुळांची वर्णनं आहेत. नागाशी लढण्याआधी मुंगूस एक वनस्पती खातं आणि मग त्याला विष बाधत नाही, ही गोष्टही त्यात आहे. आपल्याकडे ती गावोगाव सांगतात. मुंगूसवेल हे नाव त्यातूनच आलं असणार. ओर्ताच्या वर्णनांपैकी एक सर्पगंधेचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. १५६७मध्ये क्लुसियसने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि ही माहिती युरोपभर गेली.

ओर्ता १५६८मध्ये वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळलं. १५८०मध्ये ओर्ताचीही हाडं थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. ज्या माणसाने इथल्या मुळ्यांची जगाला ओळख करून दिली, त्याला स्वतःला या मातीत राहू दिलं गेलं नाही.

या वनस्पतीच्या शास्त्रीय नावाची कथा त्याहून गमतीची आहे. लिओनहार्ट राऊवोल्फ हा जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा वैद्य. १५७३ ते १५७६ या काळात तो सिरिया, इराक या भागात वनस्पती गोळा करत फिरला. भारतापर्यंत तो पोहोचला नाही. प्लुमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३मध्ये अमेरिकेतल्या झुडपांच्या एका प्रजातीला त्याच्या सन्मानार्थ 'राऊवोल्फिया' नाव दिलं. पुढे आपली सर्पगंधा त्याच कुळात बसते असं ठरलं आणि तिला त्याचं नाव चिकटलं. बहुधा तिचं एक पानही त्या गृहस्थाने पाहिलेलं नसावं.

*

मधली साडेतीनशे वर्षं हे मूळ वैद्य, हकीम आणि जडीबुटीवाल्यांच्या हातात राहिलं. बिहारमध्ये ते 'पागल की दवा' म्हणून विकलं जाई. आधुनिक प्रयोगशाळेने त्याची दखल घेतली ती १९३१मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उपयोग वेडात आणि वाढलेल्या रक्तदाबात होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' हे नाव दिलं. बाजारातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न आठवा: डोक्याच्या माणसाला की बीपीच्या? सेन आणि बोस यांच्या निबंधातही हेच दोन रोग होते.

इथे गोष्ट वर्ध्याला येते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. ऐन वैशाख, उघडी जमीन, मोजकी झाडं. पुढे शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४०मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, हे वर्धेकरांना ठाऊक असतं. त्या वर्षांत गांधीजींचा रक्तदाब किती चढायचा, हे कमी जणांना ठाऊक असतं. २६ ऑक्टोबर १९३७ची नोंद १९४/१३० आहे. १९ फेब्रुवारी १९४०ची २२०/११०. आजच्या डॉक्टरने हे आकडे पाहिले तर रुग्णाला घरी जाऊ देणार नाही. तेव्हा रक्तदाबावर भरवशाचं औषध जगात कुठेच नव्हतं. विश्रांती, मौन, आहार, मातीच्या पट्ट्या, मालिश या सगळ्यावर गांधीजींची भिस्त. आणि त्याबरोबर सर्पगंधा. ती घेतल्याचे उल्लेख त्यांच्या पत्रव्यवहारात येतात. सुशीला नय्यर या तरुण डॉक्टर त्यांच्या प्रकृतीकडे पाहत. त्यांनीच पुढे १९६९मध्ये सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं.

बापूकुटीच्या ओसरीवर मी शाळेतल्या मुलांना घेऊन अनेकदा बसले आहे. चष्मा, काठी, तीन माकडं, कमोड हे सगळं मुलांना दाखवलं जातं. सर्पगंधेचं नाव कुणी काढत नाही. निसर्गोपचारावर इतकी श्रद्धा असलेला माणूस, वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेल्यावर, जंगलातल्या सावलीतल्या एका मुळावर थोडा भार टाकतो, हे मला त्यांच्या काठी-चष्म्याहून जास्त जवळचं वाटतं.

*

१९४९मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला, याच्या त्यात मोजून केलेल्या नोंदी होत्या. सेन-बोस यांचा निबंध भारताबाहेर फारसा वाचला गेला नव्हता. वकिलांचा वाचला गेला. बॉस्टनमध्ये चाचण्या सुरू झाल्या. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं आणि त्याला 'रेसर्पिन' नाव दिलं. 'सर्प' त्या नावातही राहिला. १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या नॅथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा उपयोग दाखवला. १९५६मध्ये हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. १९५७मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन मेंदूतली काही रसायनं संपवतं, त्याने रक्तदाब उतरतो. पण काही रुग्णांमध्ये खोल औदासीन्य दिसलं, असे अहवाल आले. औदासीन्याचा संबंध मेंदूतल्या रसायनांशी असावा, या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. म्हणूनच कुणी माझ्या बागेतली मुळी मागितली, तर मी देत नाही. मोजमाप नसलेलं ते जोरकस औषध आहे. बीपीच्या माणसाने डॉक्टरकडे जावं.

पण औषध मागे पडण्याआधीची ती काही वर्षं जंगलाला फार महाग गेली. साऱ्या जगाला हे मूळ एकदम हवं झालं आणि ते शेतात कुणी पिकवत नव्हतं. मुळाच्या सालीत औषधी द्रव्य सर्वांत जास्त. ते मिळवायचं तर झुडूप मुळासकट उपटावं लागतं. दीड-दोन वर्षांचं झाड कामाचं, आणि त्या वयाचं झाड म्हणजेच बी धरू लागलेलं झाड. म्हणजे नेमकं पुढची पिढी देणारं झाड जायचं. उपटणाऱ्याला त्याचा मोबदला मुठीत मावेल एवढा. पुढे जंगलातून काढलेल्या सर्पगंधेच्या निर्यातीवर भारताने बंदी घातली. १९९०पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटस' कराराच्या दुसऱ्या यादीत ती आहे.

ती यादी चाळताना मला एक नाव दिसलं आणि मी थबकले. स्नोड्रॉप. इंग्लंडच्या सावलीतल्या बागेतलं वसंताचं पहिलं फूल, त्या सगळ्या सुंदर पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असणारं. त्याचा सबंध वंशही १९९०पासूनच त्याच यादीत आहे. कारण त्या बागांसाठी लाखोंनी लागणारे कंद वर्षानुवर्षं तुर्कस्तानच्या डोंगरांतून उकरून हॉलंडच्या व्यापाऱ्यांकडे जात होते. तिकडचा माळी आणि इकडची मी, दोघंही आपापल्या सावलीत 'रान' वसवत होतो आणि दोघांचंही रान कुठलंतरी दुसरं रान रिकामं करून आलेलं होतं.

*

मग शेती हा उपाय आहे का? सफेद मुसळीचं उदाहरण विदर्भाला जवळचं आहे. तिची आज सर्वांत जास्त मागणी असलेली जात विज्ञानाला ठाऊक झाली ती मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलातून. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि जागेवरून तिला 'बोरिविलिआनम' असं नाव दिलं. पुढे 'हर्बल'ची लाट आली तेव्हा या मुसळीच्या लागवडीचं वेड महाराष्ट्रात पसरलं. एकरी लाखोंचा हिशेब मांडणारी पत्रकं गावोगाव फिरली. बेण्याचे भाव आभाळाला भिडले. ज्यांनी बेणं विकलं त्यांचं भलं झालं; ज्यांनी पीक काढलं, त्यांतल्या कितीतरी जणांना विकत घेणारा भेटला नाही. आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने कपाशी मोडून अर्धा एकर मुसळी लावली होती. सोललेली, वाळवलेली मुसळी दोन वर्षं त्यांच्या माळ्यावर पोत्यांत पडून होती.

तरी अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी आणि अकोल्यातलं अकोट इकडे मुसळी टिकून आहे, आणि त्याचं कारण मला शिकण्यासारखं वाटतं. तिथले बारी समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पानवेल आणि पानपिंपळी लावत आले आहेत. या दोन्ही सावलीच्या वेली. पानमळा म्हणजे माणसाने उभारलेलं जंगलच. आधी शेवरी, पांगारा, शेवगा लावायचा, त्याची उंच, विरळ सावली तयार करायची, गरम वारा अडवायला कडेने कूड घालायचे, पाणी थोडं पण वारंवार द्यायचं. चाळिशीपलीकडच्या तापमानात ओलसर जंगलातली वेल जगवण्याची ही विद्या पत्रकातून आलेली नव्हती. पूर्व विदर्भात रामटेककडचे पानमळेही असेच नावाजलेले. सावलीतल्या बागेची इंग्रजी पुस्तकं मागवण्याआधी मी दीडशे किलोमीटरवर जाऊन हे बघायला हवं होतं. गेले, पण उशिरा.

तिथून आल्यावर बादल्या-चाकं हलवून मी वाफे केले. वर्ध्याची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन कंद कुजवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून मुळं तोडते. म्हणून वाफे वीतभर उचलले, मातीत मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. कडुनिंब सावलीला फार सोयीचा निघाला. फाल्गुनात तो पानं झाडतो आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा हिरवागार होतो, म्हणजे उन्हाचा कहर सुरू होतो तेव्हा सावली हजर. गळलेली पानं मी झाडून टाकणं बंद केलं. शेजारच्या काकू अजूनही त्याला आळस म्हणतात.

पहिल्या पावसाला आता काळी मुसळी वर येते. मग रानहळद. श्रावणात कळलावी कुंपणावर चढते. तिचं सगळं अंग विषारी, म्हणून नातवंडं येतात तेव्हा तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. आणि सर्पगंधेचं बी. काळीजांभळी पिकलेली फळं वेचायची, गर चोळून काढायचा, बी रात्रभर पाण्यात ठेवायचं. तरंगतं ते पोकळ असतं, ते टाकायचं. तळाला बसतं ते मेच्या अखेरीस पेरायचं. वरचं कवच दगडासारखं, त्यामुळे त्यातलंही निम्म्याहून कमीच उगवतं आणि तेही आपल्या सवडीने. मुळांच्या बोटभर तुकड्यांपासून रोपं लवकर होतात; पण त्यासाठी झाड उपटावं लागतं. ते मी करत नाही. अकरा उपटलेली मला पुरेत.

*

माझ्या वीस फुटांच्या तुकड्याने कुठलं जंगल परत येणार नाही, हे मला कळतं. जंगलातल्या सर्पगंधेच्या बरोबर तिचे कीटक, फळं खाऊन बी दूर टाकणारे पक्षी, वरचं झाड, खालची बुरशी असं सगळं असतं. माझ्याकडे एकाच म्हाताऱ्याच्या पोत्यातल्या सात झुडपांचं गोत आहे. पण बाजारातलं मूळ आणि रोपवाटिकेतलं रोप यांत निवड करायची वेळ आली तर रोप हाताशी असायला हवं, एवढं तरी घरच्या बागेतून होऊ शकतं. गेल्या काही वर्षांत रोपं मागणाऱ्यांना मी ती अशाच अटीवर देते की मुळासाठी उपटणार नाही आणि बी धरलं की पुढे दोघांना देईन.

सावली असेल तरच यातलं काही शक्य आहे. २०२०मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला घेतला आणि कडेची जुनी, डेरेदार झाडं पडायला लागली. गांधीजींच्या काळातली ही झाडं म्हणून वर्धेकर रस्त्यावर उतरले. झाडांना मिठ्या मारल्या, निवेदनं दिली, उरलेली झाडं वाचावीत म्हणून भांडले. पडलेल्या एका बुंध्यापाशी मी उभी होते. झाडामागे किती नवी रोपं लावणार, याचा हिशेब तिथे चालला होता. बुंध्याभोवतीच्या वर्तुळात, जिथे आदल्या दिवसापर्यंत सावली होती, तिथल्या ओल्या मातीत काहीतरी नाजूक, हिरवं उगवलेलं होतं. ते काय होतं हे पाहायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एका दिवसाच्या उन्हाने ते करपून गेलं होतं.

मामंजी आता नाहीत. शेवटच्या वर्षी ते संध्याकाळी निंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. एकदा सर्पगंधेच्या लाल झुबक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय लावलं गं?" मी म्हटलं, "तुमच्या बीपीचं औषध." ते बराच वेळ त्या फुलांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "असू दे. मले गोळी पुरते."

यंदाच्या बियांतून चोवीस रोपं झाली आहेत. पावसाळा लागला की आश्रमाजवळच्या एका शाळेत जुन्या चिंचेखाली त्यांतली दहा लावायची आहेत. चिंच कुणी तोडू नये एवढंच आता पाहायचं आहे.